पौषातला ताण

परवा सौंसरच्या बस स्टँडवर उतरले, मोहगावच्या ऑटोत बसले आणि गाव मागं पडल्याबरोबर समजलं की बागा ताणावर गेल्या. कोणी सांगावं लागत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं पानं मुडपून उभी असतात, त्यांचा हिरवेपणा उतरलेला असतो आणि मुख्य म्हणजे विहिरींवरच्या मोटारींचा आवाज नसतो. एरवी विजेची लाइन आली रे आली की या पट्ट्यात चहूकडून मोटारी घुमायला लागतात. ताणाच्या दिवसांत लाइन येते, जाते, विहिरीतलं पाणी डोळ्यांना दिसत असतं, आणि तरी कोणी झाडाला थेंब देत नाही. लहानपणापासून हे पाहत आलेय मी. पण दोन वर्षांपूर्वीच्या पौषानंतर मला ते बघवत नाही. ऑटोत मी मान खाली घालून मोबाइलमध्ये उगाच काहीतरी चाळत बसते.

ज्यांनी संत्रं फक्त सोलून खाल्लंय त्यांच्यासाठी सांगते. आंबिया बहाराची, म्हणजे आंब्याच्या मोहोराबरोबर येणारी फुलं हवी असतील तर थंडीत झाडाचं पाणी बंद करायचं. जमीन भारी असेल तर जास्त दिवस, हलकी असेल तर कमी. यालाच ताण देणं म्हणतात. झाड सुकतं, वाढ थांबवतं, पानं टाकतं, आणि मग योग्य वेळी पाणी सोडलं की फुलांनी लदबदून जातं. लोक म्हणतात झाड खूश होऊन फुलतं. मला विचाराल तर ते घाबरून फुलतं, मरायच्या आत बी धरून घेऊ म्हणून. ताण कमी पडला तर फूल नाही, आणि जास्त झाला तर फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येतात, त्याला आमच्याकडे सल म्हणतात. नेमकं कधी थांबायचं हे पान हातात घेऊन ओळखावं लागतं. आमचा दादा त्यात पटाईत. आसपासचे बागवाले त्याला बोलावून न्यायचे. तो पानाची घडी दोन बोटांत दाबून बघायचा आणि अजून थांबा किंवा सोडा पाणी, एवढंच सांगून चालू लागायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आईबाप लवकर गेले, मला त्यानंच शिकवलं आणि त्यानंच उजवलं. मी पांढुर्ण्याला शाळेत विज्ञान शिकवते, सासरही तिथलंच. दादा आणि वहिनी मोहगावच्या रस्त्यावर बागेतल्या घरात राहतात, दोघंच. पोरगी पल्लवी लग्न होऊन बंगळुराला गेली. तरुणपणी दादानं सौंसरला टायपिंगचा क्लास लावला होता. कोर्टात नाहीतर तहसिलात चिकटायचं असं त्याच्या मनात. परीक्षा पास झाला, बोटं यंत्रावर अशी चालायची की बघत राहावं, पण नोकरी काही लागली नाही. मग बाग धरली. आणि आवाज तर काय सांगू! बागेत वानरं शिरली की तो बांधावरून एक हाळी द्यायचा. वानरं पळायचीच, पण रस्त्यानं चाललेले सायकलवालेसुद्धा दचकून खाली उतरायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्याचा आवाज बसला. थंडी लागली असेल, आंबट खाल्लं असेल, आम्ही आपली कारणं लावत राहिलो. विडी तर मिसरूड फुटल्यापासून, त्यावर खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून केलेली ती पुडी आमच्याकडे पाहुण्याला चहाआधी पुढं करतात. नागपूरच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि अहवाल आल्यावर दादाला बाहेर बसवून मला आत बोलावलं.  स्वरयंत्रावर गाठ होती. स्वरयंत्र काढलं तर माणूस वाचायची चांगली आशा आहे, पण उशीर करू नका, म्हणाले. बोलणं मात्र संपेल. पुढं गळ्यात झडप बसवून काही जण बोलायला शिकतात, पण ते सगळ्यांना जमत नाही आणि आत्ता त्याचा विचार नको.

परतताना बस सावनेर सोडून पुढं आली होती. मी सगळं सांगून टाकलं होतं, लपवाछपवी मला येत नाही. मग खिडकीकडं बघत, त्या घासलेल्या आवाजात तो म्हणाला, "मी मुका होऊन तिच्याजवळ बसू काय?"

ती म्हणजे वहिनी. वहिनीला अक्षरओळख नाही. मजुरांची हजेरी, दुधाचा हिशेब, नातेवाइकांच्या पोरांच्या जन्मतिथी सगळं तिच्या डोक्यात पक्कं, पण लिहिलेलं तिला काळ्यावर काळं. दादानं पाटीवर लिहून दाखवलं तरी वाचणार कोण? त्या घरात तिसरं माणूस नाही. बागेच्या मधोमध दोन म्हातारी माणसं, एकाला बोलता येत नाही आणि एकीला वाचता येत नाही. मला ते चित्र डोळ्यांपुढं आलं आणि मी पटकन बोलून गेले की लिहिलेलं वाचून दाखवणारे कॉम्प्युटर असतात, तू लिही, तो बोलेल. तसं मोबाइलवरही होतं, ते आम्ही करून पाहिलं. पण दादाच्या बोटांना चिरा आणि घट्टे. काचेला त्याचं बोटच ओळखू येईना. एका अक्षरासाठी तो काच घासत बसायचा, मग शिवी हासडून मोबाइल गादीवर फेकायचा. टाइपरायटरसारखी कळांची पाटी असती तर गोष्ट वेगळी. आणि तशी पाटी घरात होती. पल्लवीच्या कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटरचा जुना डबा समोरच्या खोलीत चादर पांघरून पडला होता.

दादानं अट घातली. "आधी ते डबडं बोलून दाखव. मंग मी नागपूरले येतो."

डॉक्टरांनी तारीख दिली होती ती पौषातली. वहिनीनं लगेच नाक मुरडलं. पौषात लग्न नाही, मुंज नाही, नवे कपडेसुद्धा कोणी घेत नाही, आणि हे गळा कापायला निघाले. मी तिला म्हटलं की गाठ काही पंचांग बघून आलेली नाही. पण खरं सांगते, पौषातली तारीख मलाही नको वाटत होती. विज्ञान शिकवते म्हणून काय झालं, वाढले त्याच घरात ना?

तरी मला घमेंड होती. शाळेतले टाकून दिलेले कॉम्प्युटर मीच लिनक्स घालून जिवंत केले होते. ही प्रणाली फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते, तिच्यात देवनागरी टाइपरायटरची मांडणी आहे आणि मराठी वाचून दाखवणारा आवाजही आहे. एका रविवारात करून देते म्हणाले. फुकट म्हटल्यावर दादाच्या भुवया वर गेल्या. फुकटच्या बैलाचे दात कोणी मोजत नाही हे खरं, पण फुकटच्या बैलात खोट काय ते तरी बघावं, असं त्याचं म्हणणं. त्या डब्यात आधी जे होतं तेही सौंसरच्या एका पोरानं कुठून तरी उतरवून फुकटातच घातलेलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

समोरच्या खोलीत तेव्हा कापूस भरलेला होता. आमच्याकडे वेचणी झाली की कापूस घरातच रचतात, विकायची वेळ येईपर्यंत माणसं त्याच्या कडेकडेनं राहतात. ढीग खिडकीच्या वर गेला होता. दिवसासुद्धा खोलीत उजेड कमी आणि हवेत बारीक तूस. बोललेलं त्या ढिगात मुरून जायचं, आपलाच शब्द आपल्याला बुजल्यासारखा ऐकू यायचा. तिथं एका कोपऱ्यात स्टुलावर बसून मी कामाला लागले. दादा समोर बाजेवर.

पेन ड्राइव्ह लावला, यंत्राला दिसेना. काढला, फुंकला, पुन्हा लावला, नाहीच. टॉर्च लावून बघते तर पुढच्या दोन्ही खाचांमध्ये लाल चिखल वाळून बसलेला. आता घ्या! वहिनी दरवर्षी दसऱ्याला विळा, फवारणीचा पंप, मोटारीचा स्टार्टर यांच्या रांगेत या डब्याचीही पूजा करायची. हळदकुंकू बरोबर त्या खाचांवर, वर अक्षता. मी सुई घेऊन तांदळाचे दाणे उकरत बसले. वहिनीला वाईट वाटलं नाही, उलट पूजा केली म्हणूनच इतकी वर्षं टिकला असं तिनं मला ऐकवलं. मागच्या बाजूची खाच देवाच्या दृष्टीआड राहिली होती, तिथं काम झालं.

प्रणाली उतरायला लागली. पडद्यावरची पट्टी हळूहळू पुढं सरकत होती, आम्ही तिघं तिच्याकडे टक लावून. आणि निम्म्यावर येऊन डबा फट्‌दिशी बंद. पुन्हा सुरू केला, पुन्हा जवळपास तिथंच बंद. हात लावला तर चटका बसावा इतका गरम. झाकण काढलं तेव्हा पंखा दिसेचना. पात्यांवर, जाळीवर, सगळीकडे कापसाचा थर बसून नमद्यासारखा घट्ट झालेला. इतकी वर्षं या खोलीतला कापूस त्यानं श्वासातून आत घेतला होता. मी तो थर सोलून काढला. हातात आला तेव्हा दादा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला.  मी तो गोळा चुलीत टाकायला वहिनीकडे दिला. बाजेखाली दादाचं ताट झाकून ठेवलेलं होतं, नंतर जेवतो म्हणाला.

पुढच्या खेपेला प्रणाली शेवटपर्यंत उतरली आणि पडदा काळा झाला. नुसता काळा नाही, एका कोपऱ्यात बारीकशी रेघ उघडमीट करत होती. आत कोणी जिवंत आहे पण दार उघडत नाही असं ते दिसत होतं. अशा वेळी सुरू होतानाच्या ओळीत एक शब्द वाढवावा लागतो, म्हणजे यंत्र चित्राचे नखरे सोडून साधेपणानं पडदा दाखवतं. तो शब्द मला आठवेना. मोबाइलला घरात तेव्हा नेमकी रेंज नव्हती म्हणून विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. तिथून दादा बागेत दिसला. झाडांमधून सावकाश हिंडत होता, पानं दाबून बघत होता. सदरा खांद्यावरून ओघळून आल्यासारखा लोंबत होता. कुत्रं त्याच्या पायात घोटाळत मागं मागं. कुत्रं चांगलं गुबगुबीत झालं होतं, थंडी मानवली असेल असं माझ्या मनात आलं.

वहिनीला मी विचारलं, दादा जेवतो ना नीट? घास अडकते म्हणतात, ती म्हणाली. पेज केली तरी अर्धी ठेवतात, पाणीसुद्धा घोटभर. घशात गाठ असलेला माणूस आणखी काय करणार? ते खरंच वाटलं, कोणालाही वाटलं असतं. तरी त्या दिवशी बसमध्ये मला सारखं बेचैन वाटत होतं. तिगावच्या फाटकाशी गाडी अडली. मालगाडी जाईपर्यंत मी खिडकीतून ताणावरच्या बागा बघत होते आणि मला त्या झाडांची भीती वाटली. झाडांची, खरंच. ती इतकी गप्प उभी असतात.

मग तारखेचा घोळ. डब्याच्या पोटात एक बटणाएवढा सेल असतो, यंत्र बंद असतानाही तो वेळ सांभाळतो. तो कधीचाच संपला होता. त्यामुळे डबा दर वेळी उठला की कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवायचा. मी मोबाइलवरून इंटरनेट जोडून आवाजाचा भाग उतरवायला गेले तर तो घेईचना. त्याचं म्हणणं, ही फाइल पुढच्या काळातली आहे, अजून लागू झालेली नाही. मी तारीख दुरुस्त करायची, लाइन जायची, लाइन आली की पुन्हा हा आपल्या जुन्या वर्षात. मी चिडून बोटं मोडत होते. दादाला मात्र गंमत वाटली. पडद्यावरचं साल वाचून तो पहिल्यांदाच हसला.

"राहू दे त्याले तिथंच," म्हणाला. "तवा मले काही नव्हतं."

मी हसले नाही. नागपूरची तारीख दारात आली होती. डबा बोलल्याशिवाय दादा हलेना, आणि डॉक्टरांकडे मी गयावया करून तारीख पुढं ढकलून घेतली. फोन ठेवताना डॉक्टरांकडच्या बाई म्हणाल्या की मॅडम, ही गाठ तुमच्यासाठी थांबणार नाही. मी दादाला ते जसंच्या तसं सांगितलं. त्यानं मान हलवली. मला तेव्हा असं वाटलं, आणि ते वाटणं मी झटकून टाकलं, की डबा अडला की दादाच्या चेहऱ्यावर थोडं समाधान येतं. आपला कोणी उमेदवार निवडणुकीत टिकून आहे असं.

सेल बदलला. तारीख बसली. आवाजाचा भाग उतरला, टाइपरायटरची मांडणी बसली. संक्रांतीच्या दिवशी सगळं जागेवर होतं आणि डबा मुका. मी 'नमस्कार' लिहून कळ दाबायची, पडद्यावर सगळं आलबेल, आणि स्पीकरमधून चकार शब्द नाही. तार बघितली, स्पीकर बदलला, डोकं धरून बसले. वहिनी तिळगूळ घेऊन आली तर मी तिच्यावर खेकसले. शेवटी कळलं की आवाज तयार होत होता पण यंत्र तो भलत्याच दाराकडे पाठवत होतं, जिथं काही जोडलेलंच नव्हतं. दार बदललं, कळ दाबली आणि कापसाच्या त्या खोलीत कोणीतरी म्हणालं, नमस्कार.

वहिनीनं झटकन पदर डोक्यावर घेतला. पुरुषाचा आवाज होता. सपाट, कोरडा, पांढुर्ण्याच्या स्टेशनावर गाडी लेट असल्याचं सांगतात तसा. लग्नाचं बोलावणं आणि मयताची बातमी एकाच सुरात देईल असा. पण बोलला, मराठी बोलला. मला रडू आलं. मी दादाला बागेतून हाक मारून बोलावलं.

तो हातपाय धुऊन आला, टॉवेलनं बोटं कोरडी केली आणि स्टुलावर बसला. दोन्ही हात कळांच्या वर धरले. इतक्या वर्षांनी बोटांना वाट आठवते का बघत होता. मग टकटक सुरू झाली. आधी अडखळत, मग सरळ. मला वाटलं वहिनीचं नाव लिहील, नाहीतर माझी टर उडवेल. बराच वेळ लिहीत होता. मी मुद्दाम पडद्याकडे पाठ करून वहिनीशेजारी बसले, तिला ऐकू येईल तसंच मलाही ऐकायचं होतं. त्यानं कळ दाबली.

"मी जेवून नाही राहिलो," डबा म्हणाला. "पौष लागला तवापासून. भाकर कुत्र्याले देऊन राहिलो. पाणी पण तोडलं. गाठीले ताण देला. झाड ताणात फालतूचं पहिले टाकते. मले वाटलं गाठ वाळन. ते काही वाळली नाही. मीच वाळून राहिलो. तोंडानं सांगायची लाज वाटत होती."

एका दमात, कुठंही न थांबता, न कापता. 

मला भयंकर राग आला. साऱ्या मुलखाला ताण कधी तोडायचा ते सांगणारा माणूस! झाडाला मुळं आहेत रे बाबा, त्याच्या खोडात साठा आहे, तुझ्यात काय आहे? गाठ तुझ्या आधी कशी उपाशी मरेल? वर्गात पोरांना सांगावं तसं मी त्याला ओरडून सांगत होते आणि माझं मलाच ऐकू येत होतं की मी रडतेय. तो मान खाली घालून कळांकडे बघत होता. कळत होतं की त्याला हे सगळं आता माहीत आहे. ऑपरेशनच्या भीतीनं माणूस काय काय खरं मानतो. बोलणं जाऊ नये म्हणून त्यानं अन्न सोडलं होतं, आणि ते कोणाला सांगायला मात्र त्याला यंत्राची वाट बघावी लागली.

वहिनी उठली. आत गेली. दुधात भाकर चुरून, वरून साखर घालून, बोटांनी पार मऊ लगदा करून वाटी घेऊन आली आणि त्याच्या समोर खाली बसली. त्यानं वाटीकडे पाहिलं. डब्याकडे हात नेला नाही. स्वतःच्या तोंडानं, त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "लय भूक लागली व."

ती भरवत गेली, तो गिळत गेला. घास खरंच अडकत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी वाटी पुसून खाल्ली. कुत्रं दारात येऊन आशेनं बसलं होतं, वहिनीनं त्याला पायरीवरून हुसकलं.

नागपूरला डॉक्टरांनी वजन बघितलं आणि फाइल बंद केली. या अंगावर सुरी धरता येणार नाही म्हणाले. नाकातून नळी घातली, त्यातून पातळ अन्न. आम्ही तिथंच एका खोलीत राहिलो. गाठीच्या बाजूला आता आणखी काहीतरी दिसत होतं. या उशिरानं किती बिघडलं, मी विचारलं. आता ते विचारून उपयोग नाही, एवढंच उत्तर मिळालं. ऑपरेशन फाल्गुनात झालं. आदल्या दिवशी पल्लवीनं बापाचा आवाज मोबाइलमध्ये भरून घ्यायचा प्रयत्न केला, पण तो काही बोलेचना. कायले, म्हणाला, आणि तेवढंच तिच्याकडे आहे.

त्या वर्षी बागेकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ताण कोणी तोडलाच नाही, झाडांना पाणी सोडलंच नाही. आम्ही परत आलो तेव्हा बांधाकडची रांग शेंड्यांपासून निम्म्यापर्यंत वाळली होती.

तरी दोन वर्षं गेली की! गळ्याला भोक, त्यावर वहिनीनं शिवलेला मलमलचा रुमाल, आणि समोरच्या खोलीत तो डबा. दादा सकाळी बसतो, दिवसभराचं बोलून घेतो. वहिनी उत्तर देताना स्पीकरकडे तोंड करून देते, दादाकडे नाही. मग तो टेबलावर थाप मारतो, म्हणजे ती वळून बघते. एकदा वानरं आली तेव्हा त्यानं स्पीकर खिडकीत ठेवून आपली जुनी हाळी लिहून वाजवली. वानरांनी ढुंकून पाहिलं नाही, फांदीवर बसून संत्रं सोलत राहिली. आम्ही तिघं पोट धरून हसलो. दादाचं हसणं आता नुसतं दिसतं. व्यापारी बाग बघायला येतात ते मात्र डब्याला घाबरतात. त्या आवाजाशी घासाघीस करायची कशी ते त्यांना कळत नाही, कारण तो चढत नाही की उतरत नाही.

परवा मी गेले ते दादाला नागपूरला तपासणीसाठी न्यायला. सहा महिन्यांनी जावं लागतं, या खेपेला डॉक्टरांनी आधीच बोलावलंय. काहून ते फोनवर सांगितलं नाही. पौष लागलाय, बाग ताणावर आहे, कापूस पुन्हा खिडकीला टेकलाय. वहिनीनं आमच्या दोघांची ताटं वाढली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी दादासाठी पार घोटून. मी बोलत होते, वहिनी ऐकत होती आणि दादा जेवत होता. थोड्या वेळानं पाहिलं तर त्यानं निम्मी भाकर ठेवून ताटावर ताट झाकलं होतं.

माझा घास तोंडातच राहिला. वहिनीनं त्या ताटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, का रे, जेवला नाहीस? तो उठला, हात धुतले, टॉवेलनं बोटं पुसली आणि डब्यापाशी जाऊन लिहिलं.

"पोट भरलं," डबा म्हणाला.

लहानपणी घरात भाकरी कमी पडली की दादा असंच म्हणायचा. माझं झालं, बेबी, तू खा. तेव्हा मला लगेच कळायचं. खोटं बोलताना त्याचा आवाज शेवटच्या शब्दाला बारीक व्हायचा, इतका मोठ्या आवाजाचा माणूस, पण तिथं हमखास पडायचा. मी त्याला त्यावरून आयुष्यभर पकडलं. विडी सोडली म्हणाला तेव्हा पकडलं, दवाखान्यात जाऊन आलो म्हणाला तेव्हा पकडलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण चेहरा तर त्या आजारानं असाही ओढलेलाच असतो. भूक नसेल, गाठ पुन्हा आली असेल, की यानं पुन्हा पाणी तोडलंय? की खरंच पोट भरलंय?

मी म्हटलं, "दादा, पुन्हा बोल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तीच कळ दाबली.

"पोट भरलं," डबा म्हणाला, अगदी तसंच.